शेवळ्याचं लग्न लावणाऱ्या राहीबाई

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक मुळा आडवा पडलेला असतो.

मुळ्याचं वय साडेचार वर्षं. नाव देवेश. वडील नारपोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला, गाव उत्तर प्रदेशातलं. मुळ्याने डोळे गच्च मिटलेत, हात अंगाला चिकटवलेत आणि डोक्यावर हिरव्या कागदाचा तुरा बांधलाय. तो जमिनीखाली आहे असं आपण समजायचं. मागे निळ्या रंगाची भिंत, भिंतीवर ऑफिसातून आलेला भाजीपाल्याचा तक्ता, कोपऱ्यात गॅसची शेगडी, दारात इवल्या चपलांचा ढीग. पलीकडच्या गाळ्यातून लूमचा खटखटाट येतोय, तोच आमचा तबला. उजव्या विंगेतून राहीबाई प्रवेश करतात. पदर कमरेला खोचलेला. त्या मुळ्याचे दोन्ही हात धरतात.

"चल, उपटते तुला. खिचडी झाली."

"अभी पका नहीं," मुळा डोळे न उघडता सांगतो.

एकतीस वर्षं मी नाटकात कामं केली. गावोगावच्या मंडपांत मी तलवारीने मेलो, विषाने मेलो, एकदा तर खुर्ची मोडून मेलो आणि लोकांना ते नाटकातलंच वाटलं. पण देवेशइतका तल्लीन होऊन पडलेला नट मी पाहिला नाही. त्याला खिचडीचा वास येत होता आणि तरी तो जमिनीत राहिला. याचं श्रेय त्याच्या दिग्दर्शिकेला. ही गोष्ट तिची.

टेमघरला घरमालक दाजींच्या चाळीत मी एका खोलीत राहतो आणि शेजारची खोली अंगणवाडीची. मधली भिंत एका विटेची. राहीबाईंचा आवाज असा की वीट लाजते. त्यामुळे गेली बारा वर्षं त्या पलीकडे जे काही बोलल्या ते सगळं मी ऐकलंय, आणि चारचौघांत सांगायला हरकत नाही असंच ते आहे.

राहीबाईंचं माहेर पडघ्याच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावर. शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन टेमघरला आल्या, नवरा बुधा गोदामात हमाल. आधी त्यांनी बांधकामावर विटा वाहिल्या. मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. मदतनीस म्हणजे खोली झाडायची, पोरं घरून गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. शिकवायचं काम ताईंचं, म्हणजे सेविकेचं. वीस वर्षं राहीबाईंनी खिचडी ढवळता ढवळता ताईंचं शिकवणं ऐकलं. मधल्या काळात स्वतः दहावी झाल्या, मग शेहेचाळिसाव्या वर्षी बारावी. निकालाच्या दिवशी बुधाने पेढे आणले आणि गोदामात सगळ्यांना सांगितलं, "आमची पास झाली." कुणीतरी विचारलं, "मुलगी?" बुधा म्हणाला, "न्हाय, तिची आई."

या एप्रिलमध्ये ताई निवृत्त झाल्या. नवी सेविका येईपर्यंत वर्ग राहीबाईंनी सांभाळायचा असं ठरलं. सुवर्णा मॅडम, म्हणजे पर्यवेक्षिका, जूनमध्ये येऊन त्यांचा एक पाठ बघणार होत्या. शेरा चांगला पडला तर राहीबाईच सेविका. नाही पडला तर बाहेरून कुणी येणार आणि राहीबाई परत शेगडीपाशी. त्या मला एवढंच म्हणाल्या होत्या, "नाना, शेगडीशी माझं भांडण न्हाय. पन पोरांकडं पाठ करून उभं ऱ्हावं लागतं तिथं."

पाठाचा विषय ऑफिसनेच पाठवला होता: झाडाचा कोणता भाग आपण खातो. सोबत तो तक्ता. मुळासाठी गाजर, खोडासाठी ऊस, पानासाठी पालक, फळासाठी किवी, बीसाठी वाटाणा. आणि फुलासाठी ब्रोकोली.

राहीबाई तक्ता घेऊन माझ्या दारात आल्या. "नाना, ह्ये काय हाय?"

"ब्रोकोली. फुलकोबीने हिरवा शालू नेसला की तिला ब्रोकोली म्हणतात."

"खाल्लीय तुमी?"

"एकदा. एका सत्कारात."

"कशी लागते?"

"सत्कारासारखी," मी म्हणालो.

त्यांनी तक्ता भिंतीवर लावला, कारण ऑफिसचा होता. पोरांना विचारलं, हे काय? दाजींचा नातू हितेश म्हणाला, झाड. भाविका म्हणाली, लांबून दिसणारं झाड. देवेश म्हणाला, "जंगल है." राहीबाईंनी तक्त्याकडे पाठ केली आणि स्वतःच्या पद्धतीने सुरुवात केली.

त्यांची पद्धत त्यांच्या आईची. पोराला भाजी ओळखता यावी असं वाटत असेल तर आधी त्याला भाजी व्हायला लावायचं. मुळं जमिनीवर आडवी. खोडं भिंतीला टेकून ताठ उभी. पानांनी हात हलवायचे. फळांनी खिडकीच्या गजाला लोंबकळायचं. बियांनी गोणपाटाखाली गुडघे पोटाशी घेऊन निजायचं. राहीबाई मधून फिरत विचारायच्या, "तू कोन? तुझं काय खाऊ?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात परिणाम घरोघर दिसू लागले. कमळी रोज बी व्हायची आणि गोणपाटाखाली खरोखर झोपायची, आई घ्यायला आली की राहीबाई सांगायच्या, थांब, अजून कोंब आला न्हाय. बटाटा मुळांत झोपवायचा की खोडांत उभा करायचा यावर वाद झाला, कारण तो जमिनीखाली असून खोड असतो. शेवटी बटाट्याला झोपलेलं खोड म्हणून भिंतीला टेकवून बसवलं. भाविकाला कळलं की तूरडाळ म्हणजे बी, बी म्हणजे झाडाचं बाळ. ती तीन दिवस वरणाचं ताट बघून रडली. तिची आई राहीबाईंवर चाल करून आली. राहीबाईंनी भाविकाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "आगो, झाड येडं न्हाय. शंभर बाळं करतं, नव्वद आपल्याला देतं, धा स्वतःला ठेवतं. तू खाल्लं न्हाय तर त्याला वाटंल आपली बाळं चांगली न्हायत." भाविका चौथ्या दिवशी तीन वाट्या वरण प्यायली. झाडाला वाईट वाटू नये म्हणून.

पाठ जूनमध्ये, आणि जूनमध्ये आमच्या भागात शेवळं येतात. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पान यायच्या आधी जमिनीतून एक जांभळट कोंब वर येतो, मिटलेल्या छत्रीसारखा. ते त्या झाडाचं फूल. भाजी अशी की ताटावरून उठावंसं वाटत नाही, पण नुसती खाल्लीत तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून शेवळ्यात काकड ठेचून घालतात. काकड म्हणजे लहान आवळ्याएवढं आंबट हिरवं फळ. बाजारात शेवळं विकणाऱ्या बायका सोबत काकडाचा घोसही ठेवतात, वेगळा मागावा लागत नाही. राहीबाईंच्या पाड्यावर म्हणतात, शेवळं नवरी आणि काकड नवरा. लग्न लागल्याशिवाय नवरीला तोंड लावायचं नाही.

राहीबाईंनी ठरवलं की फूल शिकवायचं तर ब्रोकोली नाही, शेवळं. आणि शिकवायचं म्हणजे लग्नच लावायचं. पोरं वऱ्हाडी: मुळं, खोडं, पानं, फळं आणि बिया. राहीबाई धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणून विधी करणारी बाई. त्यांच्या पाड्यावर असते, दाजींच्या आगरी घरांतही असते, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. शेवळ्याला हळद लागेल, ती चिरून तेलावर परतली जाईल, नवरा दाजींच्या घरून येईल, गाणं होईल आणि नवऱ्याला ठेचून टोपात टाकलं जाईल.

"लग्नानंतर नवऱ्याचं असंच होतं," दाजी म्हणाले. दाजींच्या बायको तिथेच होत्या. त्यांनी मान हलवली, पण नाही म्हटलं नाही.

नवऱ्याला आणायची जबाबदारी माझ्यावर आली. इथेच राहीबाईंची पहिली आणि शेवटची चूक झाली. दाजींच्या दारापासून अंगणवाडी चाळीस पावलं. राहीबाई मला म्हणाल्या, "नाना, मॅडम अकराला येनार. तुमी पावनेअकराला निघा. धा मिंटं लई झाली."

मी हो म्हणालो. पण नटाला प्रवेश दिला आणि तो दहा मिनिटांत संपवायला सांगितला तर तो निदान वीस घेतो. शिवाय माझ्यासोबत दाजी होते.

दाजींनी रंगवलेल्या पाटावर काकडाचा घोस ठेवला, त्याला मुंडावळ्या बांधल्या आणि गावातल्या बेंजो पार्टीतला एक ताशेवाला बोलावून घेतला.

"दाजी, चाळीस पावलं आहेत," मी म्हणालो.

"म्हनून काय मुकाट्यानं न्यायचा? नवरा ल्हान हाय, मान ल्हान नाय."

"वेळेवर पोचायचंय."

"नाना, आमचे गावान येलेवर आलेला नवरा तुमी कवा बगलाव?"

मी विचार केला. बघितला नव्हता.

ताशा वाजला आणि आम्ही निघालो. सहाव्या पावलावर लूमची शिफ्ट सुटली. आठ-दहा कामगार, केसांत कापसाचे तंतू, गल्लीच्या तोंडाशी थबकले.

"चाचा, किसकी बारात है?"

"काकड की," दाजी म्हणाले.

"लडका क्या करता है?"

"झाड पे रहता है. अभी कुछ करता नहीं."

"मतलब अच्छे घर का है," तो म्हणाला आणि नाचायला लागला. मग बाकीचे. मग ताशेवाल्याला चेव आला. मीही, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही नामधारी, पाट डोक्यावर घेऊन एक गिरकी घेतली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चाळीस वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी शिट्टी मारली होती. मी दुसरी गिरकी घेतली. घड्याळात किती वाजले ते मी बघितलं नाही, आणि इथे मी ते लपवत नाही.

आता अंगणवाडीत काय झालं ते. मी तिथे नव्हतो. पण हे मला पाच साक्षीदारांनी सांगितलं, ज्यांची वयं मिळून तेवीस होतात, आणि प्रत्येकाने वेगवेगळं सांगूनही मुद्दा एकच निघाला.

शेवळं परतून टोपात तयार होती. वर झाकण. पावणेअकराला निघालेला नवरा अकराला पाच कमी असतानाही आला नाही, तेव्हा राहीबाई बघायला गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या. जाताना पोरांना बजावलं, झाकणाला हात लावायचा न्हाय. पोरांनी लावला नाही. पण त्याच वेळी मागच्या बाजूने स्कूटरवरून सुवर्णा मॅडम आल्या. त्यांना तिथून पुढे पडघ्याला जायचं होतं म्हणून लवकर. त्या आत शिरल्या आणि मुळ्यावर अडखळल्या.

"अरे, हा पडला कशाने?"

"मैं जमीन में हूँ," मुळा म्हणाला.

मॅडमना वाटलं पोरगं आजारी आहे. मग त्यांनी गजाला लटकलेली तीन फळं बघितली, भिंतीला टेकलेली खोडं बघितली, आणि गोणपाटाखालून येणारं घोरणं ऐकलं. त्यांनी पर्समधून पेन काढलं. शेगडीपाशी चवीची वही होती. पोरांच्या आधी मोठ्या माणसाने अन्न चाखायचं आणि वहीत लिहायचं, असा नियम. आजची ओळ कोरी. मॅडम नियमाच्या पक्क्या. त्यांनी झाकण उचललं, चमचा घेतला.

गोणपाटातून कमळीने डोकं बाहेर काढलं. "मॅडम, लग्न व्हायचंय अजून."

"हो का बाळा? छान," मॅडम म्हणाल्या आणि भरलेला चमचा तोंडात घातला.

पहिले काही क्षण काही झालं नाही. मॅडम वहीत "चव: उत्तम" लिहिणार होत्या. "उ" झाला. मग त्यांचा हात गळ्याशी गेला. मग त्या खोकल्या, मग डोळ्यांतून पाणी, मग बोलायला गेल्या तर आवाज असा निघाला की देवेशने, जमिनीत असूनही, डोळे उघडले.

"मॅडमला खाजलं," कमळी म्हणाली.

कुणी रडलं नाही, कुणी पळालं नाही. पानं उठली आणि मॅडमना वारा घालू लागली, कारण पानांचं काम तेच. भाविका तांब्या घेऊन आली. हितेशने खिशातून चिंच काढली. अर्धी चोखलेली होती. त्याने ती चड्डीला पुसून पुढे केली. "काकड नाय तर चिंच. चोखा."

सुवर्णा मॅडम, बी.ए., एकेचाळीस अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, त्यांनी ती चिंच घेतली आणि चोखली.

तेवढ्यात, वरात गल्लीत नाचतेय हे बघून, राहीबाई दारात परतल्या. पाठीमागे गल्लीत ताशा वाजतच होता. त्यांनी उघडं झाकण बघितलं, चमचा बघितला, मॅडमचं तोंड बघितलं. त्या नंतर मला म्हणाल्या की त्या घडीला त्यांना वीस वर्षांच्या सगळ्या खिचड्या एकदम डोळ्यांसमोर दिसल्या. मग त्या वळल्या आणि धावल्या.

माझी चौथी गिरकी चालू होती. डोक्यावरचा पाट हलका झाल्यासारखा वाटला. बघतो तर नवरा नाही. राहीबाई घोस छातीशी धरून पळत होत्या, मुंडावळ्या मागे उडत होत्या, आणि लूमचे कामगार ओरडत होते, "अरे, दूल्हा भगा ले गई!" वरात नवऱ्याच्या मागे धावली. मी सगळ्यात शेवटी.

राहीबाईंनी दोन काकडं वरवंट्याखाली ठेचली, मीठ लावलं, मॅडमच्या हातावर ठेवलं. मॅडमनी ते चाटून घेतलं. उरलेली काकडं ठेचून टोपात टाकायला राहीबाई वळल्या, तर टोपासमोर कमळी हात पसरून उभी.

"गाणं न्हाय झालं."

"पोरी, सर. मॅडमला तरास होतोय."

"लग्न न्हाय लागलं तर परत खाजंल. तूच सांगितलंस."

पाड्यावरचं ते गाणं सोळा कडव्यांचं आहे. राहीबाईंनी एकदा कमळीकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, आणि एकाच श्वासात एकच कडवं म्हटलं:

शेवळं निघालं डोंगराच्या पाठीतून
काकड उतरला उंच उंच फांदीतून
नवरी खाजरी नि आंबट नवरा
टोपात बसा दोघं, भांडण आवरा

पोरांनी अक्षता म्हणून तांदूळ टाकले. भाविका प्रत्येक दाण्याला "जा बाळा" म्हणत होती. नवरा टोपात पडला. इतकं आटोपशीर लग्न आगरी गावात पूर्वी कधी झालं नसेल. दारात उभे राहून दाजी पुटपुटले, "जेवनाचा काय?"

नंतर अर्धा तास मॅडमना बोलता येत नव्हतं. प्रश्न विचारायचे होते त्यांनी, पण विचारत होती पोरं. हितेशने विचारलं, तुमचं काय खातात? मॅडमनी मान हलवली. मग पोरांनी आपसात ठरवलं की मॅडम कांदा असणार, डोळ्यांत पाणी आहे म्हणून. देवेश म्हणाला, "फिर नीचे लेटो." भाविका म्हणाली, कांदा पण जमिनीतच असतो, पण बसलेला असतो, आणि मॅडमना पाटावर बसवलं. मग एकेकाने येऊन त्यांना आपला भाग सांगितला. शेवळ्याचं काय खातात? फूल. काकडाचं? फळ. तांदळाचं? बी. न विचारता देवेशने हेही सांगितलं की अळूचं पानही खाजतं आणि त्यालाही चिंच लागते, "उसकी शादी इमली से."

लग्नाची भाजी वाढली गेली तेव्हा मॅडमनी आधी कमळीकडे बघितलं. कमळीने मान डोलावली. मगच त्यांनी खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं.

जाताना आवाज थोडा परतला होता. त्यांनी घोगऱ्या स्वरात विचारलं, "राहीबाई, तक्त्यावरची ब्रोकोली घेतली का पाठात?"

मी दारात होतो. राहीबाईंनी पदराने हात पुसले. "ती आमच्यात उगवत न्हाय, मॅडम. पन आली कदी, तर तिच्यासाठी बी स्थळ बघू."

मॅडम हसायला गेल्या आणि खोकल्या. मग वहीकडे वळल्या, जिथे नुसता "उ" होता. तो पूर्ण केला. त्याच्या पुढे कंसात काहीतरी लिहिलं आणि स्कूटरला किक मारून पडघ्याला गेल्या. आम्ही वही उघडली. लिहिलं होतं: "चव: उत्तम (लग्नापूर्वी खाऊ नये)."

पण तो वहीतला शेरा. खरा शेरा कागदावर जाणार होता आणि तो आम्हाला दिसणार नव्हता. त्यानंतरचे तीन आठवडे भिंतीपलीकडून पळीचाच आवाज मोठा यायचा. खिचडी ढवळताना ती टोपावर जरा जास्त आपटायची. मी सकाळी मुद्दाम दारात बसायचो. त्या "नाना" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. चार गिरक्यांची किंमत मला कळत होती. दाजींनाही कळत असावी, कारण त्यांनी अंगणवाडीच्या पत्र्याची गळती न सांगता दुरुस्त करून दिली.

जुलैमध्ये पत्र आलं. बुधाने ते फोडू दिलं नाही, आधी चप्पल घालून ये म्हणाला, सरकारी आहे. राहीबाईंनी ते दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, मग परत, मग तिसऱ्यांदा देवेशला उपटल्यावर. सेविका म्हणून नेमणूक. मदतनीस म्हणून चाळीतलीच एक सून येणार होती.

मी पेढे घेऊन गेलो. त्या पोरांकडे तोंड करून बसल्या होत्या, शेगडी पाठीमागे. मी हात जोडले. म्हणालो, राहीबाई, माझं चुकलं, नटाला प्रवेश लांबवायची खोड असते, तुमचं आयुष्य पणाला लागलं होतं आणि मी नाचत होतो.

त्यांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, चावून संपवला, पदराने ओठ टिपले.

"नाना," त्या म्हणाल्या, "फुडल्या वर्साला नवरा मी आनीन. तुमी नवरीपाशी बसा, आनि झाकनावर हात ठेवा."